विरेमूची माती

इंद्रभानला गोऱ्यांची बस चालवायची नोकरी लागली, तेव्हा त्याच्या आईनं, जनकाबाईनं, साऱ्या वस्तीत गूळ वाटला होता. डोणगावजवळच्या एका लहानशा खेड्यातून मुंबईला गेलेलं हे पोरगं आधी गॅरेजात हात काळे करत होतं, मग ट्रकवर क्लीनर झालं, मग ड्रायव्हर. आणि आता म्हणे साहेबलोकांची गाडी. जनकाबाईच्या डोळ्यांपुढे टोपीवाले, बूटवाले साहेब उभे राहिले होते. प्रत्यक्षात इंद्रभानच्या बसमध्ये बसायची ती केस वाढवलेली, पाठीवर घरदार बांधून देशोदेशी हिंडणारी तरुण पोरंपोरी होती. ती स्टोव्हवर स्वतःच भात शिजवायची, बसच्या टपावर झोपायची, आणि अंघोळीचं नाव आठवड्यातून एकदा काढायची.

त्यांचा म्होरक्या डेरेक नावाचा एक इंग्रज होता. बस त्याची, कंपनी त्याची. त्याचा बेत ठरलेला असे. दिवसा डोंगर, दोर, नदी, जंगल. आणि संध्याकाळी आदिवासींचा नाच नाहीतर एखादी जत्रा. गावाचं नाव कुणाच्या लक्षात राहायचं नाही, पण फोटो सगळ्यांकडे असायचे. इंद्रभानचं नावही डेरेकला कधी पुरतं घेता आलं नाही. तो त्याला 'इंडी' म्हणायचा.

सत्तर सालच्या फाल्गुनात ही बस अजिंठ्याहून बुलढाण्याकडे वळली. त्या खेपेला गाडीत एक भाऊबहीण होते, भाऊ विरेमू आणि बहीण हिने. ते न्यूझीलंडचे, पण गोरे नव्हते. रंगानं आपल्यासारखे सावळे, अंगानं दांडगे, केस कुरळे. अजिंठ्याच्या चहावाल्यानं विरेमूला सरळ मराठीत विचारलं होतं, "पाव्हणे, कोनतं गाव?" बसवर इंग्रजी शिकलेल्या इंद्रभानकडून विरेमूनं त्याचा अर्थ समजून घेतला आणि मोठ्यानं हसला. मग त्यानं गाव सांगितलं, गावाच्या डोंगराचं नाव सांगितलं, नदीचं नाव सांगितलं, आणि आजोबाचंही. चहावाला बघतच राहिला.

"आमच्यात अशीच ओळख सांगतात," विरेमू इंद्रभानला म्हणाला. "आधी डोंगर, मग नदी, मग वाडवडील. माणसाचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी."

विरेमू ड्रायव्हरच्या सीटमागेच बसायचा आणि रस्ताभर बोलत राहायचा. आपण माओरी आहोत, म्हणजे त्या देशातले मूळचे लोक, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बुलढाण्याचा घाट चढताना तो म्हणाला, "आमच्या गावालाही अशीच बस येते. मी त्या बसवरच कामाला होतो. सकाळी पाहुण्यांना दोराला बांधून कड्यावरून खाली सोडायचं, दुपारी नदीत होडी, आणि संध्याकाळी आमच्या सभाघरात आणून बसवायचं. मग माझी मावशी गाते, चुलते मांड्या बडवून नाचतात. पाहुणे फोटो काढतात, जेवतात, जातात."

"मग त्यात वाईट काय?" इंद्रभाननं विचारलं. "पोटाला मिळतं ना?"

"मिळतं," विरेमू म्हणाला. "पण मावशी जे गाणं गाते ना इंदर, ते मेलेल्या माणसाला निरोप द्यायचं गाणं आहे. चाल चांगली म्हणून कंपनीनं तेच निवडलं. एक दिवस मावशी म्हणाली, आता घरात खरंच कुणी गेलं तर मी काय गाऊ? त्यानंतर मी ते काम सोडलं."

"आणि इकडं येऊन पुन्हा तशाच बसमध्ये बसला?"

"हो ना," विरेमू म्हणाला, आणि दोघंही हसले.

मलकापूर ओलांडून बस सातपुड्याच्या पायथ्याला गेली. तिथं एका कोरकू वस्तीवर डेरेकनं नाचाची तजवीज केली होती. बाकीचे कॅमेरे घेऊन गोल उभे राहिले. विरेमूनं मात्र बूट काढले आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या ओळीत जाऊन मांडी घालून बसला. नाच संपला तसा तो उठला आणि त्यांच्याकडे तोंड करून एक गाणं म्हटलं. हिने त्याच्या शेजारी उभी राहून साथ देत होती. म्हाताऱ्यांना शब्द कळला नाही, पण तेही उठले. गाणं संपेपर्यंत उभे राहिले. कुणी गाणं दिलं की परत द्यावं लागतं, एवढंच विरेमूनं नंतर सांगितलं. डेरेकला उशीर होत होता, तो हॉर्न वाजवत होता.

तिथून बस दक्षिणेला उतरली आणि लोणारला आली.

लोणारचं सरोवर म्हणजे जमिनीला पडलेला एक प्रचंड खड्डा. वरच्या काठावर उभं राहिलं की खाली झाडी, जुनी देवळं आणि मधोमध हिरवट खारं पाणी दिसतं. खाली उतरायला पाऊलवाट आहे, पण डेरेकला पाऊलवाट नको होती. काठाला एका बाजूला काळ्या खडकाचा उभा कडा होता. मागल्या पावसाळ्यात तो तिथून दोरानं उतरला होता, म्हणून या वेळीही तीच जागा. इंद्रभाननं गाडी थोडी दूर सावलीला लावली आणि तो काच पुसू लागला.

विरेमूला हे काम सवयीचं, म्हणून पहिला तोच उतरला. डेरेकनं दोर एका झाडाच्या बुंध्याला बांधला. कडा वरून सरळ दिसत होता, पण मध्यावर तो पोटासारखा पुढे आला होता आणि त्या पोटाखाली, वरून कुणाला दिसणार नाही अशा जागी, आग्या मधमाश्यांची पोळी लटकली होती. मागल्या पावसाळ्यात ती तिथं नव्हती. विरेमूच्या बुटाखालून एक दगड सुटला.

इंद्रभाननं आधी आवाज ऐकला. लांबून ट्रक यावा तशी घरघर. त्यानं मान वळवली तर कड्याखालून काळा धूर वर येत होता, आणि तो धूर नव्हता. वर उभी असलेली पोरं किंचाळत बसकडे पळत सुटली. डेरेकही पळाला. पळताना तो दोनदा पडला, त्याच्या मानेवर, कानांवर माश्या चिकटल्या होत्या. सगळे आत घुसले आणि त्यांनी काचा लावून घेतल्या.

"विरेमू कुठाय?" इंद्रभान ओरडला.

हिने दार उघडायला धडपडत होती आणि दोन पोरांनी तिला धरून ठेवलं होतं.

इंद्रभाननं सीटवरची घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि तो बाहेर पडला. कड्यापाशी जाऊन पाहिलं तर दोर सैल लोंबत होता. विरेमूनं माश्यांच्या माऱ्यात हात सोडून दिला असावा. तो खाली झुडपांत पडला होता आणि त्याच्या अंगावर एक काळा थर हलत होता.

इंद्रभान पाऊलवाटेनं धावत खाली उतरला. खाली शेळ्या चारणारा एक म्हातारा होता. त्यानं ओलं गवत पेटवून धूर केला, आणि त्या धुरातून दोघांनी विरेमूला घोंगडीवर घेऊन ओढत बाजूला आणलं. चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे सुजून मिटले होते, ओठ फाटल्यासारखे झाले होते, एक पाय उलटा वळला होता. पण श्वास होता. इंद्रभानच्या हातांना, गालांना नांग्या लागून आग होत होती, पण ते त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

गावातल्या दवाखान्यात एक सुई दिली आणि तालुक्याला न्यायला सांगितलं. इंद्रभाननं बस अशी हाणली की पूर्वी कधी हाणली नव्हती. हिनेनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याच्याशी त्यांच्या भाषेत सारखं बोलत होती. अर्ध्या वाटेत तिचा आवाज बदलला. ती अजूनही बोलतच होती, पण आता ती विचारत नव्हती. इंद्रभाननं आरशात पाहिलं आणि त्याचा पाय ॲक्सिलेटरवरून आपोआप उचलला गेला.

तालुक्याच्या दवाखान्यामागे पत्र्याची एक खोली होती. मुडदे तिथं ठेवत. डॉक्टरांनी विरेमूला तपासून तिकडे नेण्याची खूण केली. ठाण्यातून नारायणराव हवालदार आले, त्यांनी कुलूप मागवलं. हिने दारात आडवी बसली.

"बाईले बाजूले घे," नारायणराव इंद्रभानला म्हणाले. "उद्या साहेब येतीन, चिरफाड होईन, तवा दार उघडू. मुर्द्यापाशी कोनाले बसू देता येत नाई."

इंद्रभाननं हिनेला समजावलं. ती हलली नाही.

"आमच्यात मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत," ती म्हणाली. "मातीत जाईपर्यंत कुणीतरी शेजारी बसतंच. आया, मावश्या, चुलते, सगळं गाव येतं. इथं मी एकटी आहे. मला झोप लागली तर त्याच्यापाशी कोण बसेल, इंदर?"

इंद्रभाननं ते जसंच्या तसं हवालदाराला सांगितलं. नारायणराव थोडा वेळ कुलूप हातात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "मी च्या प्याले जातो. कुलूप लावाचं राहून गेलं असं समज."

डेरेकचा चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. तो व्हरांड्यात बसून रडला, हे इंद्रभाननं पाहिलं. पण संध्याकाळ व्हायच्या आत त्याचं रडणं संपलं. त्यानं ठाण्यात जाऊन जबाब दिला, दिल्लीला न्यूझीलंडच्या वकिलातीला तार केली, आणि परत येऊन म्हणाला, "इंडी, सकाळी निघायचं. बाकीच्यांना नागपूरला पोचवायचं आहे. इथं थांबून आपण काही करू शकत नाही."

"आणि ती?"

"ती वकिलातीची जबाबदारी आहे."

इंद्रभाननं बसमधून आपली वळकटी आणि घोंगडी काढली. घोंगडीला रक्त लागलं होतं. मग खिशातून किल्ली काढून त्यानं डेरेकच्या हातात ठेवली.

"दुसरा ड्रायव्हर पाहा, साहेब."

"तुला परत घेणार नाही मी," डेरेक म्हणाला. "समजतंय ना?"

समजत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलाच एक ट्रकवाला बस घेऊन गेला. बसमधल्या दोन पोरी खिडकीतून रडत हात हलवत होत्या. हिनेनं तिकडे पाहिलंही नाही.

इंद्रभाननं आदल्या संध्याकाळीच डोणगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरपाशी आईला निरोप धाडला होता. पहिल्या गाडीनं जनकाबाई आली. बरोबर तिची जाऊ तानाबाई होती. दोघींनी भाकरीचं गाठोडं आणलं होतं. पोराच्या सुजलेल्या तोंडावरून हात फिरवून झाल्यावर जनकाबाईनं पत्र्याच्या खोलीत डोकावलं. चिरफाड होऊन गेली होती. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या देहाच्या उशाशी हिने बसली होती. ती कधी त्यांच्या भाषेत, कधी इंग्रजीत बोलत होती, मधेच चिडत होती, मधेच हसत होती, आणि सारखं नाक पुसत होती.

"काय म्हनते ते?" जनकाबाईनं विचारलं.

"भावासंग बोलून राह्यली. लहानपणी यानं तिचा कुत्रा हरवला होता, त्याच्यावरून भांडते आहे."

"मंग बराबर हाय," जनकाबाई म्हणाली. "भांडू दे."

ती आत गेली आणि हिनेच्या शेजारी भुईवर बसली. तिनं कसलीच विचारपूस केली नाही. थोड्या वेळानं तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आपल्या वऱ्हाडी बायका रडतात तसं, शब्द लावून, सूर लावून रडायला सुरुवात केली. "कोन्या मायचं लेकरू रे बापा, कोठून आलास, तुही माय वाट पाहात असीन रे बापा..." हिनेनं चमकून तिच्याकडे पाहिलं. मग तिनं तोंड वर केलं आणि तिच्या कंठातून एक लांब, उंच हाक निघाली, अशी की व्हरांड्यातले पेशंट उठून बसले. एक सूर खाली गेला की दुसरा वर यायचा. तानाबाईही आत जाऊन बसली. इंद्रभान दारात उभा होता, आणि आदल्या दिवसापासून त्याला जे रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

जरा शांत झाल्यावर हिनेनं त्याला विचारलं, डोक्याला बांधायला पाला मिळेल का? त्यांच्यात शोक करणाऱ्या बायका पाल्याची वेटोळी डोक्यावर घालतात. दवाखान्याच्या आवारात कडुनिंब होता. जनकाबाईनं डहाळ्या आणल्या, पण देताना म्हणाली, "आमी निंब मातीहून आल्यावर चावतो. तिचं आधी असीन तर आधी." हिनेनं त्या डहाळ्या वळल्या. एक वेटोळं स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, एक जनकाबाईच्या.

दुपारी दिल्लीहून तार आली. देह विमानानं न्यायची सोय होणार नव्हती, उन्हाळा होता, इथंच दफन करावं. नारायणरावांनी वाचून दाखवली तेव्हा हिनेनं भिंतीला डोकं टेकवलं. मरण तिनं पोटात घातलं होतं. हे तिला घालता येत नव्हतं. विरेमूनं घरच्या डोंगराखाली, आजोबाशेजारी जायला हवं होतं. परक्या जमिनीत, अनोळखी मेलेल्यांत त्याला सोडून जायचं म्हणजे त्याला पुन्हा एकदा दोरावर लटकत सोडण्यासारखं होतं.

आणि परकी जमीनही कुणी देत नव्हतं. गावात ख्रिस्ती दफनभूमी नव्हती. नारायणराव ज्याला विचारत तो आधी जात विचारी, मग धर्म विचारी, मग मान हलवी. उन्हानं पत्रा तापला होता. खोलीत वास येऊ लागला होता.

"आपल्या जागी नेऊ," जनकाबाई म्हणाली.

इंद्रभानचे चुलते माणिकराव तोवर येऊन पोचले होते. ते हबकले. "वैनी, भलतंच काय बोलता? आपल्याच मसनावर तो बाजूच्या वावराचा पंजाबराव नांगर घालून राह्यला. दर साली नांगराचे दोन तास आत सरकते. आन् आता परक्याचा मुर्दा नेला तर त्याले निमित्तच भेटीन."

"तो नांगर घालते म्हनूनच म्हनते, दिल्लीच्या तारेची माती असली तर जागा राहीन," जनकाबाई म्हणाली. "पन ते मागून. आधी हे पाहा. लेकरू दोन दिसाचं पडेल हाय. तुमचं असतं तर?"

माणिकराव बैलगाडीची सोय पाहायला निघून गेले.

खेड्याच्या पूर्वेला, नाल्याच्या काठाला बौद्धांची मसणवट होती. धर्म बदलला तरी जागा तीच राहिली होती, आज्यापणज्यांपासूनची. दगड मांडलेले उंचवटे, बोरीबाभळी, आणि एका अंगाला पंजाबरावांचं वावर. गाडी तिथं पोचली तेव्हा ऊन कलतं होतं. गाडी जोडून देऊन पुढे आलेले माणिकराव आणि वस्तीतली माणसं खड्डा खणत होती. पंजाबराव धोतराचा सोगा धरून बांधावर उभे होते, मागे चार गडी.

"इथं परका पुराचा नाई," ते म्हणाले. "जमीन कोनाची हाय ते ठराचं हाय अजून. कोन हाय हा? किरिस्ताव का मुसलमान? गावाले काय इटाळ घालता बे?"

खणणारे हात थांबले. माणिकरावांनी कुदळ खाली ठेवली. इंद्रभान पुढे झाला, पण त्याच्याआधी हिने पुढे आली होती. निंबाचा पाला डोक्यावर, पायांत काही नाही, डोळे सुजलेले. तिला शब्द कळले नव्हते, पण काय चाललंय ते कळलं होतं. ती पंजाबरावांच्या समोर उभी राहिली आणि तिनं इंद्रभानला म्हटलं, "त्यांना विचार, त्यांचे वाडवडील इथं आहेत का?"

इंद्रभाननं विचारलं.

"आमचे काऊन असतीन इथं?" पंजाबराव उसळले. "हे यायचं मसन हाय!"

'यायचं', म्हणजे यांचं, असं बोलून गेल्यावर ते थबकले. बांधावरचे गडी खाली पाहू लागले. गाडीबरोबर आलेल्या नारायणरावांनी तो शब्द बरोबर धरला.

"ऐकलं म्या, पंजाबराव. यायचं मसन. मंग यायले पुरू द्या. वर दिल्लीची तार हाय. अडवलं तर मले तुमचं नाव लिहा लागीन, आन् मले उन्हात लिहाचा कटाळा येते."

नारायणरावांना काही न्यायबिय करायचा नव्हता. त्यांना तो देह आपल्या गळ्यातून काढायचा होता. पण काम झालं. पंजाबराव बांधावरूनच माघारी फिरले. जाताना इंद्रभानकडे पाहून म्हणाले, "तार जाईन. तू इथंच हायेस."

विरेमूला खाली उतरवलं. माती लोटायच्या आधी हिने खड्ड्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "इथं कोण कोण आहे, मला सांगा. मला त्याची ओळख करून द्यायची आहे."

जनकाबाईला हे लगेच समजलं. तिनं एकेका उंचवट्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली. "हा माहा सासरा, डफडं वाजवे. ही सासू, लय तोंडाची होती, पन पोटात काही नाई. हे माहे दोन लेकरं, देवीच्या साथीत गेले. हा इंद्रभानचा बाप. ही रुखमाबाई, साऱ्या वस्तीची सुईन. आमची नदी पैनगंगा. डोंगर नाई आमाले, टेकडी हाय, ते पाहाय तिकडं." इंद्रभान सांगत होता, आणि हिने एकेक नाव आपल्या वळणानं उच्चारून खाली सांगत होती. सुईण म्हणताना तिला रडू फुटलं, आणि तानाबाईनं तिची पाठ धरली.

मग ती उभी राहिली आणि गायली. निरोपाचं ते गाणं. वस्तीतली माणसं आपोआप उभी राहिली. गाणं संपल्यावर कुणाला काय करावं सुचेना, तेव्हा माणिकरावांनी हात जोडले आणि घोगऱ्या आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू केलं. सगळ्यांनी ते म्हटलं. माती पडली.

नाल्यावर हातपाय धुऊन सगळे जनकाबाईच्या घरी आले. हिनेनं सांगितलं, माती झाली की जेवायचं, नाहीतर मेलेलं माणूस घरातच घोटाळत राहतं. वस्तीत जे होतं ते आलं. भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा. नारायणरावांनी "भूक नाई" म्हणून बाहेरच विडी ओढली. हिनेनं जनकाबाईच्या ताटातच हात घातला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

जेवणं झाल्यावर नारायणरावांनी इंद्रभानला बाजूला घेतलं.

"एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नोको. त्या साहेबानं जबाबात लिहिलं हाय, जागा तू दाखवली. म्हने इथला मानूस हाय, त्याले मधमाशा ठाऊक असल्या पाह्यजे."

इंद्रभानला पहिल्यांदा ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं ते नारायणरावांना पुन्हा सांगायला लावलं. हिनेनं काय झालं ते विचारलं आणि ऐकल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं: जागा डेरेकची, दोर डेरेकचा, आणि मदतीला खाली धावला तो एकटा इंद्रभान. फौजदारांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. पण म्हणाले, चौकशी पुरी होईपर्यंत लायसन जमा राहील. इंग्रज नागपूरहून पुढे गेला होता. चौकशी करायला हाताशी होता तो इंद्रभानच.

हिनेला घरी जायचं होतं. आई वाट पाहत होती, आणि आईला सगळं समोर बसून सांगायचं होतं. निघायच्या सकाळी ती एकटीच नाल्याकडे जाऊन आली. मग जनकाबाईच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावून ती बराच वेळ उभी राहिली. जनकाबाईला ही रीत ठाऊक नव्हती, पण तिनं डोळे मिटून घेतले आणि पोरीचा श्वास संथ होईपर्यंत तशीच उभी राहिली.

"त्याले एकटं ठेवत नाई म्हना," ती इंद्रभानला म्हणाली. "तिले सांग."

मलकापूरच्या फलाटावर कापसाच्या गाठी रचल्या होत्या. इंद्रभान हिनेची बॅग घेऊन उभा होता.

"तुझं काय होईल?" हिनेनं विचारलं.

"लायसन मिळेल परत," इंद्रभान म्हणाला. त्याला तसं वाटत नव्हतं. गाडी आली, ती चढली, आणि गाडी गेली.

लायसन मिळालं नाही. चौकशी कधी संपली, संपली की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ठाण्यात गेलं की फौजदार बदललेले असत. मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी बिनलायसनचा ड्रायव्हर ठेवायला नकार दिला. मृगाच्या तोंडाशी तो घरी आला आणि माणिककाकांबरोबर मजुरीला जाऊ लागला. पंजाबरावांच्या वावरात त्याला कुणी बोलावलं नाही, आणि पंजाबरावांच्या भीतीनं आजूबाजूच्या वावरांतही नाही.

पेरणीआधी एका सकाळी वस्तीत ओरड झाली. पंजाबरावांची बैलजोडी बांध ओलांडून मसणवटीत घुसली होती. इंद्रभान धावत गेला. बोरी तोडलेल्या होत्या, दगड बाजूला फेकलेले, जनकाबाईच्या सासऱ्याचा उंचवटा आणि रुखमाबाईचा उंचवटा नांगराच्या तासात मिळून गेला होता. लेकरांची जागा तर आता ओळखूच येत नव्हती. आणि नांगराच्या समोर, विरेमूच्या मातीवर, जनकाबाई बसली होती. पदर डोक्यावरून, हात मांडीवर. ती ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती.

"बुढीले उठव बे," गडी इंद्रभानला म्हणाला. "मालकानं सांगतलं, थांबाचं नाई."

"मंग नको थांबू," जनकाबाई म्हणाली. "हाक."

गड्यानं कासरा ओढला. बैल दोन पावलं पुढे आले, त्यांचा श्वास तिच्या तोंडावर आला, आणि बैलांनीच मान फिरवली. गड्यानं तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत नांगर वळवला आणि तिला वळसा घालून तो पुढे गेला. परतीच्या तासालाही तसंच झालं. इंद्रभान आईच्या शेजारी येऊन बसला. थोड्या वेळानं माणिकराव आले, तानाबाई आली. ते फक्त बसले. नांगर त्यांच्याभोवती फिरत राहिला आणि दुपारपर्यंत चहूकडून काळी माती उलथून झाली.

तहसिलीत तक्रार दिली, तिचं काही झालं नाही. त्या साली तिथं कपाशी पेरली गेली. मधोमध तेवढा एक तुकडा राहिला, चार माणसं दाटीवाटीनं बसू शकतील एवढा, त्यात विरेमू आणि त्याच्या पायाशी इंद्रभानचा बाप. बाकी सारे वाडवडील कपाशीखाली गेले. कपाशी चांगली आली. बोंडं फुटली तेव्हा पंजाबरावांनी वेचणीला बाहेरगावच्या बाया आणल्या, कारण वस्तीतली एकही बाई त्या वावरात पाय ठेवायला तयार झाली नाही.